ही झोप बरी न्हाई

कासारवाडीत मंजुळेइतकी संशयी बाई दुसरी नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही मान्य होतं. वाण्याच्या तराजूकडे ती दोनदा बघायची. गिरणीतून दळण आणलं की पिठात बोट घालून चव घ्यायची. कुणी विनाकारण गोड बोललं, की त्या दिवशी घरी येऊन आधी दाराची कडी तपासायची. संशय घेतल्यानं आपलं कधी नुकसान झालं नाही, असं ती सांगे. नुकसान झालं ते एकदाच, संशय घ्यायला उशीर झाला तेव्हा. त्याबद्दल शेजारच्या शालनबाईला ती जन्मात माफ करणार नव्हती.

ते असं झालं होतं. दोन वर्षांमागं मंजुळेचा पहिला मुलगा भैरू दहा महिन्यांचा होता. गुणाचं पोर. रडणं नाही, हट्ट नाही, पाळण्यात टाकलं की दुपार होईपर्यंत डोळा उघडायचा नाही. मंजुळा तेव्हा विटांच्या भट्टीवर जायची आणि सासू गोजाबाई पोराला सांभाळायची. एक दिवस शालनबाई विस्तव मागायला आली, पाळण्यात वाकली आणि म्हणाली, "गोजाबाई, ह्या पोराची ही झोप बरी न्हाई. उठवा त्याला."

शालनबाईला मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या पडवीत राहणारी बाई. अशा बाईनं दुसऱ्याच्या भरल्या पाळण्यात डोकवावं आणि वर असं अभद्र बोलावं! गोजाबाईनं तिला विस्तव न देताच हाकललं. दिवेलागणीला भैरू गेला. कसला ताप नव्हता की उलटी नव्हती. झोपला तो उठलाच नाही. मग काय राहिलं होतं समजायचं? मंजुळेनं त्या दिवसापासून शालनबाईचं नाव तोंडातून काढलं नाही. बोलायची वेळ आलीच तर 'ती' म्हणायची. पुढं इंद्रायणी झाली. तिला कडेवर घेऊन शालनबाईच्या दारावरून जायची वेळ आली, की मंजुळा पोरीच्या तोंडावरून पदर ओढून घ्यायची. शालनबाईही शहाणी. तिला पदर दिसला की ती आपली पाठ करून उभी राहायची.

एवढ्यात पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला. कारखान्यामागून साहेब लोक आले, बंगले आले, बंगल्यांत बायका आल्या, आणि त्या बायकांना भांडी घासायला नि धुणं धुवायला बायका लागल्या. भट्टीवर राबण्यापेक्षा हे काम सावलीतलं. मंजुळेला एका बंगल्यावर काम लागलं. नवरा ज्योतीराम चिखलीकडं खाणीवर दगड फोडायचा, तो अंधार पडल्यावर घरी यायचा. घरी राहायची गोजाबाई, आणि गोजाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. इंद्रायणी दहा महिन्यांची झाली, रांगायला लागली आणि एक दिवस रांगत रांगत थेट चुलीपाशी गेली. कौशल्याबाई नावाची शेजारीण वेळेवर आली म्हणून हात भाजला नाही, एवढंच. कौशल्याबाईच म्हणाली, "आगं, माझी दोन हायती की तितं बराकीत. घाल तुझी बी."

बराक म्हणजे लढाईच्या वेळची पत्र्याची बराक. तिथं पुण्याच्या विमलबाईंनी मोलकरणींच्या मुलांसाठी केंद्र काढलं होतं. आईनं सकाळी कामाला जावं आणि मूल तिथं राहावं. मुलांना दूध मिळायचं, खिचडी मिळायची, शुक्रवारी आयांनाही दुपारी बसवून शिवण शिकवायचे. हे सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर मंजुळेच्या कपाळावर आठी पडलीच. दूध होतं पावडरीचं, उंच पिंपातलं, आणि पिंपावर परदेशी अक्षरं. त्यात हाडांचा भुगा असतो असं कुणी म्हणायचं, पोरं बाटवायचा डाव आहे असंही कुणी म्हणायचं. मंजुळेनं बोट घालून चव घेतली. गोड लागली, म्हणून तर जास्तच संशय आला.

विमलबाई खादीच्या पातळातल्या, मनगटी घड्याळवाल्या, सायकलवरून येणाऱ्या. बोलायला मऊ, पण एका गोष्टीला फार कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी मुलीला बाळगोळी देता?"

बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. आता यात विचारण्यासारखं काय होतं? भट्टीवर, शेतात, खाणीवर जाणारी कुठली आई देत नव्हती? तिळाएवढी गोळी आईच्या दुधात उगाळून चाटवली, की लेकरू निजतं आणि आई कामाला जाते. मंजुळेला तिच्या आईनं दिली होती, ज्योतीरामला गोजाबाईनं. पण सरकारनं अफू बंद केली होती. व्यसनी म्हाताऱ्यांना तेवढी कार्डावर मिळायची, आणि गोजाबाई ती अशाच एका कार्डवाल्या आबाजीकडून आणायची. त्यामुळं ही पुण्याची बाई का विचारते आहे, हे मंजुळेनं लगेच ताडलं. हो म्हटलं की फौजदार दारात.

"न्हाई बा," ती म्हणाली.

विमलबाई हसल्या नाहीत. या बायकांत राहून त्यांना बरंच काही कळलं होतं. त्यांनी देवळीतून वाटी आणली. वाटीत बेलाचं पान आणि जेजुरीचा भंडारा. "मग बेलभंडारा उचला. घरात जी जी बाई मुलीला हाताळते, तिनं उचलायचा. गोळी दिलेलं मूल मी इथं ठेवत नाही."

खंडोबाचा भंडारा उचलून खोटं बोलायचं म्हणजे जिवावरचं काम. मंजुळेनं उचलला, आणि मनात म्हणाली, आजपासून देणार नाही म्हणजे झालं. गोजाबाईनंही उचलला. घरी येऊन दोघींनी एकमेकींना बजावलं. गोजाबाईनं अफूची पुडी परड्यात फेकली, असं ती म्हणाली. मंजुळेनं आपल्याजवळची चुलीत टाकली, असं तीही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंजुळा पोरीला घेऊन बराकीत शिरली आणि दारातच थबकली. आत खाली बसून पोरांची नाकं पुसत होती ती शालनबाई. विमलबाईंनी तिला मुलं सांभाळायला ठेवलं होतं.

"बाई," मंजुळा विमलबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या पोरीला तिच्या हातात द्यू नका."

"का?"

"न्हाई द्यायची."

"इथं सगळी मुलं सगळ्यांच्या हातात असतात. जे रडेल त्याला शालनबाई उचलणार. मी एकटी किती जणांना उचलू?"

मंजुळेनं पोरीला परत घेऊन जायला हवं होतं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण परत घेऊन जायची कुठं? चुलीपाशी? ती पोरीला ठेवून गेली. जाताना तिच्या गालाला काजळाचा मोठा ठिपका लावून गेली.

इंद्रायणी रडली. पहिला दिवस रडली, दुसरा दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तर तिनं बराक डोक्यावर घेतली. नाक गळत होतं, अंग ताठ करत होती, दूध ओकत होती. विमलबाई म्हणाल्या, "होईल चार दिवसांत ठीक," आणि मंजुळेकडं जरा रोखून बघितलं. ते बघणं मंजुळेला आवडलं नाही. त्याहून आवडलं नाही ते कौशल्याबाईचं बोलणं. "शालनबाईनं दिवसभर खांद्यावरनं खाली ठिवली न्हाई गं तुझ्या पोरीला."

त्या रात्री मंजुळेला अन्न गेलं नाही. रडतं मूल शालनबाई उचलते. मग जे मूल रडणारच नाही, त्याला ती कशाला हात लावेल? हा विचार तिला इतका पटला, की बेलभंडारा आठवूनही तिचा हात थांबला नाही. चुलीत टाकलेली पुडी मुळात टाकलेलीच नव्हती. ती तिनं कनवटीला बांधून ठेवली होती. चौथ्या दिवशी सकाळी सहाला कामाला निघताना, सासू परसाकडं गेली आहे असं बघून, तिनं तिळाएवढी गोळी उगाळली आणि पोरीला चाटवली. आठ वाजता कौशल्याबाईच्या सोबतीनं गोजाबाई पोरीला बराकीत पोचवायची, तशी त्या दिवशीही पोचवणार होती.

मंजुळा बंगल्यावर भांडी घासत होती. ऊन डोक्यावर आलं होतं. शेजारच्या बंगल्यावरची कौशल्याबाई नळावर आली आणि सहज म्हणाली, "डबा ठिवायला गेल्ते बराकीत. तुझी पोर शालनबाईच्या मांडीवर निजलीया. सकाळधरनं."

मंजुळेच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिळाएवढी गोळी. ती उतरायची नऊ-साडेनऊला. जास्तीत जास्त दहा. आता बारा वाजून गेले होते. म्हणजे वरून कुणीतरी दिली होती. कुणी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाईसायेब, पोटात कळ आलीया," असं तिनं आतल्या बाईंना सांगितलं आणि राखेच्या हातांनीच ती पळत सुटली.

बराकीशी आल्यावर ती एकदम आत गेली नाही. मागच्या खिडकीला जाळी होती, तिथून तिनं आधी बघितलं. बाकीची पोरं पलीकडं खिचडी खात होती. कोपऱ्यात, पोरांकडं पाठ करून, शालनबाई बसली होती. तिच्या मांडीवर इंद्रायणी. शालनबाई तिच्या तळपायांवर बोटांनी टिचक्या मारत होती, मधेच वाटीत बोटं बुडवून तिच्या डोळ्यांवर पाणी लावत होती, आणि तिचे ओठ सारखे हलत होते. मंत्र! आपल्या लेकराच्या डोळ्यांवर ही बाई मंत्रानं भारलेलं पाणी लावते आहे, हे मंजुळेनं आपल्या डोळ्यांनी बघितलं.

ती आत घुसली आणि शालनबाईच्या मांडीवरून पोर तिनं हिसकलीच. इंद्रायणीची मान लुळी पडली. मंजुळेनं तिची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"अफू घातलीया हिनं!" मंजुळा ओरडली. "माझ्या पोरीला अफू घातलीया! पयला खाल्ला, आता ही खातीया!"

खिचडी खाणारी पोरं गप्प झाली. विमलबाई धावत आल्या. शालनबाई जागची उठली नाही. तिचे हात तसेच ओले, मांडीवर पडलेले.

"मंजुळाबाई," विमलबाई हळूच म्हणाल्या, "अफू आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मंजुळेनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

"मला कळलं नाही. पोरगी झोपली असं समजून मी दुर्लक्ष केलं. नऊ वाजता शालनबाई माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, बाई, ही झोप बरी न्हाई. मी डॉक्टरांना बोलावणं धाडलं. तुम्हालाही निरोप धाडायचा, तर तुमचा बंगला मला ठाऊक नव्हता. डॉक्टर सुई टोचून गेलेत, परत येणार आहेत. पोरीला झोपू देऊ नका, झोपली तर श्वास थांबेल, असं सांगून गेलेत. तेव्हापासून शालनबाईंनी पाण्याचा घोट घेतलेला नाही. आता सांगा, काय दिलंत आणि किती?"

त्याच वेळी शालनबाईनं मंजुळेकडं हात पुढं केले. "भांडण मागनं कर. आदी तिला उबी धर. निजवू नगंस."

मंजुळेला त्या हातांचा अजूनही संशय होता, खोटं कशाला बोला. पण तिच्या कडेवरच्या पोरीचा श्वास मधेच अडकला, मग सुटला, मग पुन्हा अडकला. ती ऐकत राहिली, आणि तिच्या तोंडातून आपोआप निघालं, "दिली. मीच दिली. पन तिळाएवढी, बाई. खंडोबाच्यान तिळाएवढीच."

"तिळानं असं होत नाही."

"मग हिनंच वरनं दिली!"

विमलबाईंनी शालनबाईकडं बघितलं, मंजुळेकडं बघितलं. त्यांच्याही चेहऱ्यावर क्षणभर संशय आला आणि तो शालनबाईला दिसला. तिनं पदराची गाठ सोडली, कमरेची पिशवी उलटी केली आणि सगळं जमिनीवर ओतलं. तंबाखू, चुन्याची डबी, एक सुई, दोरा. त्याखेरीज काही नव्हतं. मग ती उठली आणि इंद्रायणीला मंजुळेच्या हातून घेऊन बराकीत येरझारा घालायला लागली. मंजुळेनं या वेळी पोर सोडली.

दुपारभर त्या तिघी आळीपाळीनं पोरीला घेऊन चालल्या. पाणी मारलं, टिचक्या मारल्या, काळी कॉफी चमच्यानं घातली. मंजुळा जवळून गेली तेव्हा तिला शालनबाईचा मंत्र ऐकू आला. "ऊठ गं इंदे, ऊठ गं माझे बाई, डोळं उघड," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चार वाजता रोजच्या वेळेला गोजाबाई भिंतीला चाचपडत आली. काय झालं ते कुणीतरी दारातच तिला सांगितलं असावं. ती आत आली आणि उंबऱ्याजवळ खाली बसली.

"मंजुळे, तू दिलीस?"

"तिळाएवढी. तुमी परसाकडं गेल्यावं."

गोजाबाईनं कमरेची चंची काढली. तिनं पानाच्या देठांखालून एक पुडी काढली आणि जमिनीवर ठेवली. परड्यात फेकलेली पुडी.

"तू गेलीस तवाच किरकिर करीत व्हती," ती म्हणाली. "मला वाटलं, हितं रडली तर ती उचलणार. म्हनून दिली. मला दिसत न्हाई गं. बोटाला लागली तेवढी दिली."

विमलबाईंनी मंजुळेकडं बघितलं, तेव्हा मंजुळेनं कनवटीची गाठ सोडून आपली पुडी त्या पुडीशेजारी ठेवली. दोन्ही पुड्या एकाच जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या होत्या, कारण दोन्ही आबाजीकडच्या होत्या. फौजदाराचं नाव विमलबाईंनी काढलं नाही. डॉक्टर परत आले तेव्हा गोळी दोन वेळा दिली गेली, एवढंच त्यांनी सांगितलं.

साडेपाचच्या सुमाराला इंद्रायणीनं तोंड वाकडं केलं, मूठ आवळली आणि जोरात भोकाड पसरलं. डॉक्टर म्हणाले, "आता धोका नाही." मंजुळा भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडली. इतका गोड आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता.

सगळी कासारवाडीकडं निघाली. उन्हं उतरली होती. रुळाच्या कडेच्या पायवाटेनं मंजुळा पोरीला कडेवर घेऊन चालली होती. गोजाबाईनं तिचा पदर धरला होता. शालनबाई वीस पावलं पुढं. दोन वर्षं ती अशीच पुढं किंवा मागं चालत आली होती, बरोबर कधी नाही. आजही तिला कुणी बरोबर चल म्हटलं नव्हतं.

मधेच पदर ताणला गेला. गोजाबाई थांबली होती.

"मंजुळे."

"काय आत्याबाई?"

"भैरूच्या येळंला." गोजाबाई म्हणाली. "मी तर रोजच्यावानी दिली व्हती, तू गेल्यावं. तू बी दिली व्हतीस का गं त्या दिशी? जायच्या आदी?"

मंजुळेला ती सकाळ लख्ख दिसली. भैरूला दात येत होते. पहाटे तो रडत उठला होता आणि भट्टीवर जायला उशीर होत होता. सासूला झोपेतून कशाला उठवा म्हणून तिनं आपल्या बोटानं चाटवली होती. त्या दिवशी लपवाछपवी नव्हती. भंडारा नव्हता, बंदी कुणी घातली नव्हती. सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच. आमटीत दोघींनी मीठ घालावं तसं झालं होतं. आणि त्यानंतर दोन वर्षांत दोघींपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण दोघींना शालनबाई मिळाली होती.

"व्हय," मंजुळा म्हणाली.

गोजाबाई वाटेतच खाली बसली. मंजुळेला तिला उठवायचं होतं, पण कडेवर पोर होती आणि पोरीला खाली ठेवायचं तिचं धाडस होईना. तिनं पुढं बघितलं. शालनबाई लांब चालली होती.

"शालनआक्का!"

शालनबाई थांबली. तिनं मागं वळून बघितलं नाही. सवयीनं ती पाठ करूनच उभी राहिली, म्हणजे मंजुळेला पदर ओढायला वेळ मिळेल.

मंजुळा पळत तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. पळताना पोरीच्या तोंडावर आलेला पदर तिनं मागं सारला.

"हिला घ्या जरा," ती म्हणाली. "आत्याबाईला उटवायचंय मला."

शालनबाईनं आधी हात पुसले. मग पोर घेतली. इंद्रायणी तिच्या खांद्यावरही तशीच टाहो फोडून रडत होती, आणि मंजुळा सवयीनं तिला गप्प करायला पुढं झाली.

शालनबाईनं मान हलवली. "आसू दे," ती म्हणाली. "रडू दे तिला."